अठरावं नाव

अब्दुर्रहमान गेला त्या दिवशी यादीत एकच नाव उरलं होतं, आणि ते त्याच्या बायकोचं होतं.

यादी स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली. वर मसाल्याचे डबे, खाली तांदळाचा पिंप, आणि दार उघडलं की डोळ्यांसमोर अठरा नावं. सतरा नावांवर निळ्या पेनाची आडवी रेघ होती. अठराव्या ओळीत अब्दुर्रहमानच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, 'साबिरा, चार बांगड्या.' त्याच्या पुढची जागा कोरी होती, कारण सोन्याचा भाव रोज बदलतो आणि रोज खाडाखोड करून कागद फाटला असता.

दुपारी तीनला हॉस्पिटलातून मय्यत खांदेश्वरच्या घरी आली. असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या, नमाजानंतर जनाजा न्यायचं ठरलं. खाली बिल्डिंगच्या मागे चादरी बांधून पुरुषमंडळी गुसलची, म्हणजे शेवटच्या अंघोळीची, तयारी करत होती. वर आतल्या खोलीत साबिरा भिंतीला टेकून बसली होती. तिची मोठी नणंद, जिला सगळं खानदान नुसतं आपा म्हणतं, ती जवळ सरकली आणि तिच्या कानात म्हणाली, "गुसल झालं की तुला चेहरा बघायला बोलवतील. तवा मोठ्यानं बोल, मेहर माफ केला. चार बायकांनी ऐकलं पायजे."

रीत जुनीच आहे. निकाहाच्या वेळी नवरा बायकोला जे द्यायचं कबूल करतो तो मेहर. तो द्यायचा राहिला तर ते त्याच्या डोक्यावरचं कर्ज. म्हणून नवरा वारला की म्हाताऱ्या बायका विधवेला मय्यतीजवळ नेतात आणि तिच्या तोंडून माफी वदवून घेतात, म्हणजे माणूस हलका होऊन जातो. त्या बाईला काय वाटतं ते विचारतं कोण? ज्या घडीला तिला स्वतःचं नावसुद्धा धड आठवत नसतं, त्याच घडीला तिनं सगळा हिशेब मिटवायचा असतो.

साबिरानं मूठ आणखी आवळली. आपाला वाटलं, बांगड्यांचा सल अजून गेलेला नाही. तसं नव्हतं. साबिराच्या मुठीत एक प्लॅस्टिकची डबी होती. ती तिनं सकाळपासून सोडली नव्हती, आणि तिच्यात काय आहे ते घरात तिच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. पण ते क्रमानं सांगितलेलं बरं.

अब्दुर्रहमानचा धंदा लग्नाच्या भांड्यांचा होता. तांब्याच्या मोठाल्या देगी, पराती, झारे, शेगड्या असं सगळं तो भाड्यानं द्यायचा, आणि सांगाल तर आचारीही आणून उभा करायचा. म्हसळ्याकडच्या खेड्यातून आलेला माणूस, बोलायला गोड आणि हिशेबाला कच्चा. पनवेलपासून तळोज्यापर्यंत कुणाकडे निकाह असो की साखरपुडा, देगी अब्दुर्रहमानच्याच. धंदा वाढवायचा म्हणून त्यानं दोन हजार अठरात साबिराच्या हातातल्या चार बांगड्या मागितल्या. एकेक तोळ्याच्या त्या बांगड्या त्यानं निकाहाच्या दिवशी सगळ्यांदेखत मेहर म्हणून दिल्या होत्या. सहा महिन्यांत परत करतो म्हणाला. तिनं मनगटाला साबण लावून काढून दिल्या.

दीड वर्षानं लॉकडाउन आलं. बुकिंगचे आगाऊ घेतलेले पैसे नव्या देगींत अडकलेले, लग्नं रद्द, लोक दारात. देगी मोडीत गेल्या, गाळा सुटला, बांगड्या तर केव्हाच गेल्या होत्या. एवढं होऊनही सव्वापाच लाखांचं देणं अंगावर राहिलं, सतरा माणसांचं. वर्षभर तो तोंड लपवून जगला. फोन वाजला की बाथरूममध्ये जाऊन बसायचा. टेम्पोवाल्या हौसेरावचे अठ्ठावीस हजार थकले होते. त्यानं एक दिवस भर बाजारात अब्दुर्रहमानची कॉलर धरली आणि चार लोकांत आईवरून शिवी दिली. अब्दुर्रहमान मान खाली घालून ऐकत राहिला आणि घरी येऊन जेवला नाही.

मग पनवेलला त्याचा एक दोस्त वारला. जनाज्याच्या नमाजाआधी रिवाजाप्रमाणे दोस्ताचा मुलगा लोकांपुढं उभा राहिला आणि म्हणाला, माझ्या वडिलांकडे कुणाचं काही येणं असेल तर मला सांगा, नाहीतर अल्लाहसाठी माफ करा. शेवटच्या रांगेत कुणीतरी खाकरलं. एवढंच झालं. पुढं कुणी आलं नाही, पण ते खाकरणं सगळ्यांनी ऐकलं आणि त्या पोराचा चेहरा उतरला. अब्दुर्रहमान तसाच घरी आला, मुलाच्या, अरसलानच्या, जुन्या वहीचं पान फाडलं आणि सतरा नावं लिहून काढली. मग साबिराला म्हणाला, "माझ्या वक्ताला आपल्या अरसलाननं ते बोलावं आनि कोनी खाकरू नये. बस, मला दुसरं काय नको."

मग त्यानं खाली अठरावं नाव लिहिलं. माझं कशाला, असं साबिरानं विचारलं. तो म्हणाला, दिलेला मेहर परत घेतला म्हणजे दिलाच नाही. तिनं पेन हिसकावून स्वतःचं नाव खोडलं. दुसऱ्या दिवशी चहाची पावडर काढायला दार उघडते तो नाव पुन्हा लिहिलेलं. असं तीनदा झालं. चौथ्यांदा तिनं नाद सोडला.

काटकसरीचं शहाणपण सांगणारे जगात ढिगानं आहेत. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतील आणि स्वतः नळ उघडा टाकून जातील. साबिरानं कुणाला विचारलं नाही. तिनं घरात एकच नियम आणला, तो म्हणजे अर्धं. कपड्याच्या साबणाची वडी आणली की निळ्या मुठीच्या पातळ सुरीनं ती मधोमध कापायची आणि अर्धी माळ्यावर टाकायची. भांड्यांची घासणी अर्धी, चहात दूध अर्धं. शुक्रवारी मटणाऐवजी अंडी आली, आणि अंडंही उकडून माणशी अर्धं. भाताचे तांदूळ धुण्याआधी त्यातली एक मूठ परत पिंपात जायची. गॅसचा सिलिंडर ती दोन महिने पुरवायची आणि दुपारी लोकांचे कपडे अल्टर करायला घ्यायची.

अब्दुर्रहमानला रबाळ्याला एका कारखान्याच्या कँटीनमध्ये स्टोअरकीपरची नोकरी मिळाली. स्टेशनापासून कारखाना लांब. साबिरानं सौदा ठरवून दिला, सकाळी पायी जायचं आणि संध्याकाळी दमलेल्या अंगानं रिक्षा करायची, म्हणजे तिथंही अर्धं. तो दोन्ही वेळा पायीच जायचा आणि वाचलेले रिक्षाचे पैसे गुपचूप तिच्या डब्यात टाकायचा. अरसलान तेव्हा कॉलेजात होता, पुढं ऐरोलीला एका कंपनीच्या बॅकऑफिसात लागला. तो हसून म्हणायचा, अम्मी, एक दिवस तू मलापण मधोमध कापशील आणि अर्धा माळ्यावर टाकशील.

कर्ज फेडताना पैशाच्या आधी उमेद संपते, हे मात्र कुणी सांगत नाही. चार महिने माणूस पोटाला चिमटा काढतो, मग एका रविवारी शेजारच्या घरातून बिर्याणीचा वास येतो आणि वाटतं, जाऊ दे मरू दे सगळं. साबिराला हे कळत होतं. म्हणून नाव फिटण्याचा दिवस तिनं ईदेसारखा केला. त्या दिवशी अब्दुर्रहमान इस्त्रीचा पांढरा सदरा घालून शेवटचे पैसे स्वतः नेऊन द्यायचा, मोबाइलवरून कधी पाठवायचा नाही. देताना म्हणायचा, आता मनात काय ठेवू नका. तो परत आला की तिघं कपाटासमोर उभे राहायचे, तो रेघ मारायचा, आणि साबिरा नारळाच्या दुधातलं सांदण करायची. त्या एका दिवशी घरात अर्धं असं काही नसायचं.

खालच्या मजल्यावरच्या सुचित्राताईंनी मुलाच्या साखरपुड्यासाठी दिलेले आठ हजार होते. त्या काही केल्या घेईनात. राहू द्या हो, वेळ काय सांगून येते का, असं म्हणत त्यांनी चहा पुढं केला. अब्दुर्रहमाननं चहा प्यायला, पाकीट बशीखाली सरकवलं आणि चपला हातात घेऊन वर पळाला. पन्नाशीचा माणूस जिन्यावरून अनवाणी पळतोय हे बघून सोसायटीचा वॉचमन धावत आला होता. हौसेरावचे पैसे चौदा हप्त्यांत फिटले. दर वेळी तो नोटा दोनदा मोजायचा आणि एक शब्द बोलायचा नाही. शेवटच्या हप्त्याला त्यानं मोजल्या नाहीत. चहा मागवला आणि दोघं टेम्पोच्या फाळक्यावर बसून प्याले.

गेल्या वर्षी रमजानच्या आधी सतरावं नाव खोडलं गेलं. सांदण खाताना साबिरा म्हणाली की आता उद्यापासून साबणाची वडी अख्खी वापरू. तिला खरंच वाटत होतं की संपलं. अब्दुर्रहमाननं ताट बाजूला ठेवलं आणि म्हणाला, एक राहिलंय.

तिथून त्यांची तू तू मैं मैं सुरू झाली. तिचं म्हणणं, देऊच नका, आणि द्यायचेच तर तेव्हाच्या भावानं सव्वा लाख द्या आणि मोकळे व्हा. त्याचं म्हणणं, मी पैसे घेतले नव्हते, सोनं घेतलं होतं, तर सोनंच देणार. तेव्हा तोळा एकतीस हजाराला होता. आता भाव लाखाच्या पार गेलेला. तो महिन्याला चार हजार सोनाराकडे भरायचा आणि भाव त्याच्यापुढं पळायचा. महिनाअखेरीस सोनाराचं कार्ड बघावं तर जमा वाढलेली असे आणि बांगडी आणखी लांब गेलेली असे. अरसलान म्हणाला, अब्बा, निम्मे मी भरतो. तेव्हा अब्दुर्रहमान मुलावर जन्मात पहिल्यांदा चिडला. बापानं काढून घेतलेलं आईचं सोनं पोरानं फेडायचं असतं का, असं विचारलं आणि दोन दिवस त्याच्याशी बोलला नाही.

हट्टच होता तो, दुसरं काय. आणि साबिरानं तो मोडायला हवा होता. ती भांडली, पण मोडला नाही, कारण खरं सांगायचं तर तिला ते आवडत होतं. सत्तावीस वर्षांच्या संसारात आपल्यासाठी कुणीतरी रोज चालत जातंय, सकाळी उठून सोन्याचा भाव बघतंय, सोनाराचं कार्ड उशाशी ठेवतंय, हे कुठल्या बाईला आवडणार नाही? ती वरून कुरकुर करायची आणि रात्री अंधारात आपल्या मोकळ्या मनगटांवरून हात फिरवायची.

त्याला तीन वर्षांपासून ब्लडप्रेशरची गोळी चालू होती, रोज सकाळी एक. गोळ्या तो स्वतःच आणायचा. सतरावं नाव फिटल्यानंतर महिन्याभरात साबिराच्या लक्षात आलं की घरखर्चात औषधाचा आकडा निम्म्यावर आलाय. तिनं विचारलं. तो म्हणाला, दुसऱ्या दुकानात स्वस्त मिळतात. हे आधी का नाही सुचलं, असं ती म्हणाली, आणि वाचलेले पैसे बांगड्यांच्या कार्डात टाकायला त्याच्या हातात ठेवले. मूठभर तांदूळ जास्त गेले तरी जिला पिंप उघडताच कळायचं, तिला हे कळलं नाही. किंवा कळून घ्यावंसं वाटलं नाही. तो गेला त्या दिवसापासून ती हेच दोन्ही मनात फिरवत बसणार होती.

त्या सकाळी ड्यूटीवर निघताना अब्दुर्रहमान बूट घालायला वाकला आणि तसाच एका अंगावर कलंडला. तोंड वाकडं झालं, शब्द फुटेना. अरसलाननं आणि सुचित्राताईंच्या मुलानं त्याला उचलून गाडीत घातलं. डॉक्टरांनी पहिलं विचारलं, प्रेशर होतं का, गोळ्या नियमित घेत होते का? साबिरा ठामपणे म्हणाली, एक दिवस चुकला नाही, माझी नजर असते. कोणती गोळी, असं त्यांनी विचारलं. नाव तिला आठवेना. घाईत त्याच्या डब्याची पिशवी तिच्याच खांद्याला आली होती, ती तिनं उघडली. जेवणाचा डबा, रुमाल, रेल्वेचा पास, आणि तळाशी एक प्लॅस्टिकची डबी. डबीत अर्ध्या गोळ्या होत्या, अगदी मधोमध कापलेल्या. तिनं डबी नाकाशी नेली. गोळ्यांना कपड्याच्या साबणाचा वास येत होता.

अरसलान तेव्हा काउंटरवर फॉर्म भरत होता. डॉक्टरांनी डबीतली एक गोळी उचलून पाहिली, परत ठेवली आणि आत निघून गेले. रागावले असते तर बरं झालं असतं. एकच्या सुमाराला अब्दुर्रहमान गेला. साबिरा बाकावर बसली होती आणि तिचं डोकं, पाच वर्षांची सवय, आपोआप हिशेब करत होतं. महिन्याच्या गोळ्या एकशेचाळीसच्या. निम्म्या सत्तरच्या. दहा महिन्यांचे झाले सातशे रुपये. सातशे रुपयांत बांगडीच्या टोकाएवढंही सोनं येत नाही. तिनं पुन्हा मोजलं आणि पुन्हा सातशेच आले.

गुसल झालं, कफन झालं. मय्यत वर आणून बाहेरच्या खोलीत ठेवली आणि पुरुष बाजूला झाले. आपानं साबिराला दंडाला धरून उभं केलं. बायकांनी वाट करून दिली. खोलीत कापराचा वास भरला होता. अब्दुर्रहमानचा चेहरा उघडा ठेवला होता. सकाळी वाकडं झालेलं तोंड आता सरळ झालं होतं, आणि सतरा दारांत जाताना असायचा तसाच तो नीटनेटका दिसत होता.

"बोल," आपा म्हणाली. "मेहर माफ केला."

साबिरा बोलेना. बायकांत कुजबूज झाली. जनाज्याला उशीर होत होता, खाली माणसं खोळंबली होती. आपानं तिचा दंड हलवला. तिचाही तो धाकटा भाऊच होता, तिनं त्याला कडेवर खेळवलेलं. ती म्हणाली, "त्याला अडकवून ठेवू नको गो. चार बांगड्यांसाठी अडकवू नको माझ्या भावाला."

साबिराला सगळं ऐकू येत होतं. माफ केलं म्हणायला तिचं काय जात होतं? दोन शब्द. पण या माणसानं पाच वर्षं कुणाची माफी घेतली नव्हती. फुकट सुटायचं नाही म्हणून तो बशीखाली पाकीट ठेवून अनवाणी पळाला होता. आता त्याला बोलता येत नाही, पळता येत नाही, म्हणून त्याच्या पदरात माफी टाकायची? आणि न टाकावी तर तो कर्ज घेऊन मातीत जाणार, ज्या एका गोष्टीला तो जन्मभर भ्यायला ती घेऊन. आणि माफ करणारी ती कोण? तिच्याच नियमानं आणि तिच्याच सुरीनं कापलेल्या गोळ्या तिच्याच मुठीत होत्या.

"माफ नाय करनार," ती म्हणाली.

 आपानं तोंडावर पदर घेतला.

"माफ कशाला करू? त्यांनी फेडलं. चारी बांगड्या मला पोचल्या. सगळ्या ऐका, मला पोचल्या. माझं त्यांच्याकडे काय बाकी नाय."

आपाची नजर तिच्या मनगटांवर गेली. तिथं काहीच नव्हतं. आपा ते बघत राहिली, मग तिनं साबिराला जवळ ओढलं आणि फिटलं, फिटलं, असं बाकीच्या बायकांना स्वतःच सांगितलं. कुणी काही विचारलं नाही.

साबिरा खाली वाकली. अब्दुर्रहमानच्या कानाशी तोंड नेऊन ती हळूच म्हणाली, "अहो, आता तुमी मला माफ करा." आणि ती खरंच थांबली. भांडण झाल्यावर रात्री तिनं काही म्हटलं की तो अंधारातून हुंकार द्यायचा, त्याची सवय तिच्या कानांना होती. आपानं दोनदा हाक मारली तरी ती तशीच वाकून राहिली. शेवटी दोन बायकांनी तिला उठवलं आणि पुरुष आत आले.

मगरिबनंतर, दिवेलागणीला, अरसलान कब्रस्तानातून परत आला. साबिरा आतल्या खोलीतच होती. आता चार महिने दहा दिवस ती इद्दतीत, उंबऱ्याबाहेर तिचं पाऊल पडणार नव्हतं. तीन दिवस घरात चूल पेटणार नव्हती. सुचित्राताईंनी खिचडीचं पातेलं आणून ठेवलं होतं, ते तसंच होतं. अरसलान आईसमोर बसला. त्याच्या पायजम्याला गुडघ्यापर्यंत माती लागली होती. तिला काय ऐकायचं असेल ते त्याला माहीत होतं, म्हणून त्यानं तेच आधी सांगितलं. तो लोकांपुढं उभा राहिला आणि सगळं बोलला. कुणी खाकरलं नाही. यादीतली तेरा-चौदा माणसं तिथं उभी होती, त्यानं ओळखली.

मग तो म्हणाला, पण एक हात वर झाला. अगदी मागच्या रांगेत, डोक्याला रुमाल बांधून हौसेराव उभा होता.  अठ्ठावीस हजारांवर रेघ मारताना अरसलान स्वतः तिथं होता, तरी त्याला वाटलं, काहीतरी राहिलं असणार. लोक बाजूला झाले आणि हौसेराव पुढं आला. तो जे बोलला ते अरसलाननं जसंच्या तसं सांगितलं. "माझं काय बी येनं नाय. मी ह्या मानसाला भर बाजारात आईवरनं बोललो हुतो. त्यो दर खेपेला पैसं दिऊन म्हनायचा, मनात ठिवू नका. आन् म्या एकदा बी म्हनलो नाय, चुकलं माझं. आता कुनाला म्हनू?" एवढं बोलून तो मोठा आडदांड माणूस अरसलानच्या गळ्यात पडून रडला.

अरसलानला वाटलं, हे ऐकून अम्मीला बरं वाटेल. अब्बांना जे पाहिजे होतं ते झालं, उलट लोकच त्यांचे देणेकरी निघाले. साबिरा उठली आणि स्वयंपाकघरात गेली. तिनं कपाटाचं दार उघडलं. पेन तिथंच दोरीला लटकत होतं. तिनं अठराव्या नावावर रेघ मारली, सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. आज या घरात सांदण व्हायला हवं होतं.

मग त्याच रेघेखाली ती लिहू लागली. तिचं अक्षर बारीक आणि वाकडं. यादीत ते आधी कधी उमटलं नव्हतं. अरसलान मागं येऊन उभा राहिला होता. त्यानं एकोणिसावं नाव वाचलं, 'अब्दुर्रहमान', आणि आईकडे पाहिलं. अब्बांचं नाव इथं कशाला, त्यांचं कोण देणं लागतं, असं त्यानं विचारलं.

साबिरानं मूठ उघडली. दिवसभर आवळून धरलेल्या डबीचे वळ तिच्या तळहातावर उठले होते. त्यानं डबी घेतली, झाकण काढलं. अर्ध्या गोळ्या पाहिल्या, मग सकाळी तिनं नेली होती तशीच डबी नाकाशी नेली. ओट्यावर निळ्या मुठीची सुरी पडली होती. त्याची नजर तिच्याकडे गेली आणि तो हमसून रडायला लागला. लहानपणी रडायचा तसा, आवाज करून.

तिनं त्याचं डोकं खांद्याशी घेतलं. नावापुढची जागा कोरीच होती. बऱ्याच वेळानं अरसलान म्हणाला, "आपन फेडू ना अम्मी. दोघं मिळून. कायपन करून."

"नाय रे," साबिरा म्हणाली. "फेडायला मानूस समोर लागतो."

तिनं पेन दोरीला सोडलं, दार लावलं आणि त्याला खिचडी वाढायला घेतली.